मुलांना विचारायचे राहूनच गेले

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक लोखंडी कपाट आहे. चार वर्षांपूर्वी त्यावर ‘किशोर विभाग’ अशी पाटी आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली, वर उर्दूत आणि खाली मराठीत. कपाटात १४३ पुस्तके होती आणि त्यातले एकूण एक पुस्तक आमच्या पसंतीचे होते. वर्षभराने ग्रंथपालांबरोबर देवघेवीची नोंदवही घेऊन बसलो. १४३ पैकी ११ पुस्तके बाहेर गेली होती आणि त्या ११ मधली ४ आमच्याच घरी आली होती.

ग्रंथपाल भला माणूस. त्यांनी नोंदवही मिटली आणि म्हणाले, “सर, आजकालची पोरं वाचतच नाहीत.” आम्ही मान डोलावली. ते ऐकायला बरे वाटले, कारण त्यात आमचा दोष कुठेच नव्हता.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आम्ही वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषा येणारा माणूस म्हणून वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आम्हाला बोलावून घेतले होते. वाचकांना कदाचित ठाऊक असेल, आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालये सरकार स्वतः चालवत नाही. गावातल्याच लोकांच्या नोंदणीकृत संस्था ती चालवतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाप्रमाणे त्यांना मान्यता मिळते. अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान येते. अनुदान थोडे, त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि कर्मचाऱ्यांचे मानधन भागवायचे. पण या व्यवस्थेत एक मोठी गोष्ट आहे. वाचनालय कसे चालवायचे हे बरेचसे गावातलीच माणसे ठरवतात. मंडळात दहा-बारा माणसे असतात. आमच्या मंडळातल्या सर्वांत तरुण सदस्याचे वय तेव्हा एक्केचाळीस होते आणि ते सदस्य म्हणजे आम्हीच.

घरी जेवताना आम्ही ती नोंदवहीची गोष्ट काढली. मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, “अब्बू, वो सब नसीहत की किताबें हैं.”

“म्हणजे?”

“म्हणजे प्रत्येक पुस्तक आमच्यावर रागावतं.”

तिची अम्मी हसली. आम्हाला हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून पाहिले, तर पोरगी खरे बोलत होती. थोरांची चरित्रे, सुविचारांची संकलने, ‘यशस्वी कसे व्हाल’, परीक्षेची तयारी, आणि मुलींसाठी म्हणून डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’च्या तीन प्रती. ते पुस्तक १८६९ चे. उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांमध्ये त्याची गणना होते आणि आम्ही ते मोठ्या आवडीने शिकवतो. नझीर अहमदांनी ते लिहिले तेच मुळी घरातल्या मुलींना वाचायला काही नव्हते म्हणून. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या मुली होत्या. आमच्या डोळ्यांसमोर कोण होते? खरे सांगायचे तर आम्हीच होतो, पंधरा वर्षांचे. आम्हाला त्या वयात जे मिळाले नाही ते आम्ही विकत घेतले आणि दुसऱ्यांच्या मुलांपुढे ठेवले.

इथवरची चूक तरी भोळेपणाची म्हणता येईल. पुढची तशी नव्हती.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. किशोर विभाग ओस पडला आहे हे मंडळाला कळले होते, म्हणून ठरले की यंदा मुलांना सहभागी करून घ्यायचे. आम्ही पंधरा मुले-मुली निवडली. स्वच्छ गणवेश, हातात एकेक पुस्तक, आणि सगळी पहिल्या दोन रांगांत. दहावीच्या एका मुलीला बोलायला उभे केले. भाषण आम्ही लिहून दिले होते. वाचनाच्या भाषणांची आपल्याकडे जशी सुरुवात होते तशीच, पहिल्या वह्यीच्या उल्लेखाने, त्याचीही सुरुवात होती. मुलीने ते न अडखळता म्हटले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, चहा झाला. साडेपाच वाजता शिपायाने वाचनालयाला कुलूप लावले, कारण त्या दिवशी कार्यक्रमामुळे संध्याकाळची देवघेव बंद होती. दोन मुले पुस्तक बदलायला आली होती, ती परत गेली.

पायऱ्या उतरताना त्या मुलीला आम्ही शाबासकी दिली. ती म्हणाली, “सर, एक गोष्ट सांगायची होती. पण ती भाषणात नव्हती.”

“मग आता सांग.”

ती थोडी थांबली. “जाऊ द्या सर. उशीर झाला, घरी वाट बघत असतील.”

काही दिवसांनी एका शिक्षक प्रशिक्षणात आम्हाला रॉजर हार्ट यांच्या शिडीची ओळख झाली. हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी एक पुस्तिका लिहिली. मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या त्यांनी त्यात मांडल्या. वरच्या पायऱ्यांवर मुले आणि मोठी माणसे मिळून निर्णय घेतात. खालच्या तीन पायऱ्यांना मात्र हार्ट सहभाग म्हणतच नाहीत. त्या अशा : मुलांच्या तोंडून आपलेच बोलणे वदवून घेणे, मुलांना शोभेसाठी बसवणे, आणि नावापुरते विचारून आपल्याला हवे तेच करणे. प्रशिक्षक एकेक पायरी फळ्यावर लिहीत होते आणि आम्हाला १५ ऑक्टोबरचा फोटो दिसत होता. पहिल्या दोन पायऱ्या आम्ही एकाच दुपारी चढलो होतो.

त्याच प्रशिक्षणात बालहक्कांच्या संहितेचीही आठवण करून दिली गेली. संयुक्त राष्ट्रांनी ती १९८९ मध्ये मंजूर केली आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारली. तिचे बारावे कलम सांगते की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांना आपले मत मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. बी.एड.ला असताना हे आम्ही पाच गुणांसाठी पाठ केले होते. आणि बाकी जाऊ द्या, आपल्या घरात लग्नापासून घराच्या रंगापर्यंत ‘मशवरा’ केल्याशिवाय पान हलत नाही. फक्त त्या मशवऱ्यात चौदा वर्षांच्या मुलाला चहा आणायला पाठवलेले असते.

मग आम्ही एक साधे काम केले. शाळेच्या ग्रंथालयात एक रिकामा डबा ठेवला आणि नववी-दहावीच्या मुलांना कोरे कागद दिले. गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतल्या एका शिक्षकमित्राने त्यांच्या शाळेतही तेच केले. प्रश्न एकच : गावच्या वाचनालयात तुम्ही का जात नाही? नाव लिहायचे नाही. कोणत्याही भाषेत लिहा. अक्षर तपासले जाणार नाही, शुद्धलेखनही नाही.

चिठ्ठ्या वाचायला आम्हाला दोन रात्री लागल्या. वाटले होते, मोबाइल, आळस, अभ्यास अशी कारणे येतील. तसे थोड्यांनीच लिहिले होते. बाकीच्यांनी जे लिहिले ते असे :

“आमची शाळा पाच वाजता सुटते, शिकवणी सात वाजता. वाचनालयही सात वाजता बंद होते.”

“रविवारी आम्हाला सुट्टी असते. वाचनालयालाही असते.”

“पुस्तक कुठे आहे ते सापडत नाही. विचारलं तर म्हणतात, नंबर सांग.”

“पुस्तक हरवले तर किती पैसे घेतात ते माहीत नाही, म्हणून भीती वाटते.”

“उर्दूच्या कपाटाला कुलूप आहे.”

“मराठी वाचायला आवडतं, पण जाड पुस्तक बघून भीती वाटते. मध्यम जाड ठेवा.”

आणि मुलींच्या अक्षरातल्या अनेक चिठ्ठ्यांत जवळजवळ एकच मजकूर होता. पुस्तके नंतर, आधी बसायला जागा द्या. वाचनकक्षात सगळे पुरुष पेपर वाचत बसतात. दारात गाड्या लावून मुले उभी असतात. शौचालयाला कुलूप आहे आणि चावी मागायला लाज वाटते.

एका चिठ्ठीत लिहिले होते : “आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि आम्ही नऊ जण. मला दिवसातून दोन तास टेबल पाहिजे. पुस्तक माझं मी आणीन.” ती वळणदार उर्दू नस्तालीक आम्ही ओळखली. नाव नसले तरी शिक्षकाला अक्षर कळतेच. भाषणात नसलेली गोष्ट ती हीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात सांगितले की चिठ्ठ्या वाचल्या आणि आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, आप पूछे तो हम बताए.” इतके सोपे होते ते.

सोपे पुढे राहिले नाही. आम्ही मंडळापुढे दोन मागण्या ठेवल्या. एक, आठ मुला-मुलींचा एक सल्लागार गट असावा, दोन्ही शाळांचा. अठरा वर्षांखालच्यांना संस्थेच्या घटनेप्रमाणे मतदानाचा हक्क नाही हे मान्य, पण मंडळाने त्यांचे म्हणणे दर तीन महिन्यांनी समोर बसवून ऐकावे. दोन, मुलींसाठी आठवड्यातून ठरावीक वेळ वाचनकक्ष राखून ठेवावा.

एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “आता पोरं ठरवणार का वाचनालय कसं चालवायचं?” सचिवांचा प्रश्न जास्त खरा होता. “सर, कर्मचारी दोनच. मानधन किती, तुम्हाला माहीत आहे. जादा वेळ कोण बसणार? वीजबिल कोण भरणार?” त्यांचेही चुकत नव्हते. विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली. नंतर परीक्षा आल्या, रमजान आला, लग्नसराई आली. आम्हीही शाळेच्या कामात गुंतलो. विषय मागे पडला हे आम्हाला दिसत होते, आणि आम्ही त्याच्यामागे धावलो नाही. ठराव झाला तो दहा महिन्यांनी.

त्या दहा महिन्यांत ती मुलगी दहावी पास झाली. गुण चांगले होते, पण तिच्या अपेक्षेइतके नव्हते. वडिलांचा हात मशीनमध्ये सापडून कामाचे दिवस बुडाले होते. अकरावीचा अर्ज भरायचा राहिला. आम्ही घरी गेलो तेव्हा ती शिलाई मशीनवर बसली होती. तिच्या अब्बांनी आमचा खूप आदर केला, चहा पाजला आणि म्हणाले, “सर, पुढच्या वर्षी बघू.” आम्ही तिला सांगितले, वाचनालयात मुलींची वेळ मंजूर झाली. ती म्हणाली, “अच्छा हुआ सर. छोटी को भेजूँगी.”

फक्त टेबल नव्हते म्हणून तिचे शिक्षण थांबले, असे आम्ही म्हणणार नाही. घरची अडचण मोठी होती. पण तिने मागितलेली एकच गोष्ट आमच्या हातात होती, आणि तिला ती हवी होती तेव्हा आम्ही दिली नाही. मंडळाच्या इतिहासात दहा महिने म्हणजे काहीच नाहीत. आपली काही वाचनालये शंभर-दीडशे वर्षांची आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ पासून चालू आहे. पण किशोरवय पाच-सहा वर्षांचे असते. नववीतल्या मुलीचे काम अकरावीत केले तर ते दुसऱ्याच कोणाचे तरी काम होते. मुलांना विचारायचे तर उत्तराला तातडीही हवी, हे आम्ही असे शिकलो. आमच्या शिकण्याची फी दुसऱ्याने भरली.

आता पुढे काय झाले ते सांगतो, कारण वाचकांना आपल्या गावात काही करायचे असेल तर ते उपयोगी पडेल.

आठ जणांचा गट झाला, चार मुली आणि चार मुलगे, उर्दू शाळेचे पाच आणि मराठी शाळेचे तीन. पहिल्या बैठकीत कोणी बोलेना. आम्ही समोर बसलो होतो हेच त्याचे कारण होते. दुसऱ्या बैठकीला आम्ही मागच्या खुर्चीवर बसलो आणि बोलायचे नाही असे ठरवले. वीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला गप्प बसणे किती अवघड जाते, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको.

मुलांनी पहिले बोट ठेवले ते पुस्तकांच्या मांडणीवर. आमच्या वाचनालयात पुस्तके दाखल क्रमांकाप्रमाणे लावलेली होती. म्हणजे जे पुस्तक आधी विकत घेतले ते आधी. कादंबरीशेजारी कायदा आणि कायद्याशेजारी पाकक्रिया. ग्रंथपालांना सगळे पाठ होते, म्हणून त्यांना कधी अडचण आली नाही. मुले म्हणाली, विषयाप्रमाणे लावा. मग ग्रंथपालांनी आपल्या जुन्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची वही काढली आणि मुलांना ड्युई यांची दशांश पद्धत समजावली. तिच्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आणि उर्दूचा ८९१.४३९. मराठी शाळेतली एक मुलगी लगेच म्हणाली, “म्हणजे दोन्ही शेजारी शेजारीच आहेत की!” दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून दोन खोल्यांतली पुस्तके हलवली. फळ्यांवरच्या पाट्या दोन्ही लिप्यांत लिहिल्या. उर्दू मुलांनी देवनागरी पाट्या लिहिल्या आणि मराठी मुलांनी उर्दू अक्षरे गिरवली. काही पाट्यांवर नुक्ते एखाददुसरे जास्तच आहेत. आम्ही ते तसेच ठेवले.

उर्दू कपाटाचे कुलूप उघडले. आतली पुस्तके निजामाच्या काळातली, जेव्हा आपल्या भागात शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. बरीच पुस्तके वाळवीने खाल्ली होती. आजोबांच्या पिढीने वाचलेली आणि नातवंडांच्या पिढीला कुलपामागून दिसणारी ती पुस्तके. जी वाचली त्यांची मुलांनी यादी केली.

मंडळाने पुस्तक खरेदीतले सहा हजार रुपये गटाच्या हाती दिले, यादी मुलांची आणि पावत्या मंडळाकडे. यादी आली तेव्हा बैठकीत शांतता पसरली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, विज्ञानकथा, भुताच्या गोष्टी, क्रिकेटपटूंची चरित्रे, चित्रकथा, मोबाइल दुरुस्तीचे पुस्तक, मेहंदीच्या नक्षीचे पुस्तक. मासिकांमध्ये बालभारतीचे ‘किशोर’, जे १९७१ पासून निघते, आणि उर्दूतले ‘बच्चों की दुनिया’. आणि इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्या. एका मुलाच्या आजोबांनी त्याला त्या गोष्टी तोंडी सांगितल्या होत्या. इथे ते विरोध करणारे ज्येष्ठ सदस्य ताठ बसले. १९५२ पासून अलाहाबादहून निघणारी ‘जासूसी दुनिया’ हैदराबादेत शिकताना ते वसतिगृहात चादरीखाली कसे वाचत, हे त्यांनी दहा मिनिटे सांगितले. यादी मंजूर झाली. मुलांची आवड हलकी आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या चादरी आठवून पाहाव्यात.

वेळा बदलल्या. साप्ताहिक सुट्टी रविवारची सोमवारी गेली. यासाठी एक रुपयाही लागला नाही, फक्त कोणीतरी विचारायला हवे होते. मुलींसाठी रविवारी सकाळी दहा ते एक आणि शुक्रवारी दुपारी अडीच ते पाच ही वेळ राखली. शुक्रवारी जुम्यामुळे आमची शाळा लवकर सुटते. त्या वेळेत बसायला एक सेवानिवृत्त बाई तयार झाल्या. पण त्याआधी एक काम राहिले होते, आणि ते मुलींनीच आमच्या लक्षात आणून दिले : “सर, आमच्या अम्मींना कोणी विचारलं का?” मग आमच्या पत्नी आणि त्या बाई मोहल्ल्यातल्या पाच-सहा घरांत जाऊन बसल्या. आयांचे प्रश्न नेमके होते. तिथे कोण असते? दार कोणत्या गल्लीत उघडते? घरी यायला किती वाजतील? उत्तरे मिळाल्यावर बहुतेक आयांनी मुली पाठवल्या. त्यातल्या तिघी आता मुलींना सोडायला येतात आणि स्वतःही बसतात.

शौचालयाची चावी बाईंच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगली. मागावी लागत नाही. पुस्तक हरवल्यास काय भरायचे ते दारावर लिहून लावले. या दोन गोष्टींनी जितकी मुले आली तितकी आमच्या १४३ पुस्तकांनी आणली नव्हती.

सगळेच गोड झाले असे नाही. मुलांनी वातानुकूलन मागितले, ते शक्य नव्हते. फुकट वायफाय मागितले, मंडळ ‘नाही’ म्हणाले. वाचनकक्षात खायची परवानगी मागितली, ग्रंथपालांनी उंदरांचे कारण सांगून नाकारली. पण मुलांच्याच सूचनेवरून एक फळा लावला आहे. त्याचे दोन भाग आहेत : ‘तुम्ही सांगितले, झाले’ आणि ‘तुम्ही सांगितले, झाले नाही, कारण...’ नकार कारणासहित मिळाला तर मुले तो समजून घेतात, असा आमचा अनुभव आहे. राग येतो तो उत्तरच न मिळाल्याचा. चार पुस्तके हरवली. एकदा गटातल्याच मुलांनी आपल्या दोस्तांना रांग सोडून नवी पुस्तके दिली, त्यावरून भांडण झाले. मग त्यांनीच नियम केला की गटातल्या कोणाला नवे पुस्तक पहिल्या आठवड्यात मिळणार नाही. आमच्या मंडळाने स्वतःसाठी असा नियम अजून केलेला नाही.

आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यातल्या दोन सूत्रांचा आशय आहे. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की ही भेट घडवून आणणारे आम्ही. आता वाटते, वाचक कोण हे त्याला न विचारता ठरवले तर पुस्तक चुकीच्या पत्त्यावर जाते.

वाचकहो, आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात एखादे वाचनालय असेलच. राज्यात अशी हजारो आहेत. मस्जिदीला लागून किंवा जमातखान्याच्या खोलीत चालणारी छोटी वाचनालयेही आपल्याकडे आहेत. तिथल्या मंडळावर आपल्यापैकी कोणी असेल, कोणाचे मामू, चाचा असतील. त्यांना एवढेच सांगा : एक डबा ठेवा, कोरे कागद ठेवा, नाव विचारू नका. आलेल्या चिठ्ठ्यांतल्या बिनखर्चाच्या दोन गोष्टी पहिल्या महिन्यातच करून टाका, म्हणजे मुलांचा विश्वास बसेल. थोडा का होईना, पैसा त्यांच्या यादीवर सोडा. मुलींना वेगळे विचारा आणि त्यांच्या आयांनाही. आणि जे ठरेल ते पुढच्या बैठकीवर ढकलू नका.

घरात तर डबाही लागत नाही. आमच्या मुलीने जेवताना जे एका वाक्यात सांगितले, तेच आम्ही वर्षभर आधी विचारले असते तर? पण आम्ही बक्षिसे वाटत होतो, भाषणे लिहीत होतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी आठवीतली एक मुलगी आमच्यासमोर उभी राहिली. हातात चिठ्ठी होती, तीच वळणदार नस्तालीक. दोन पुस्तकांची नावे : एक कादंबरी आणि एक सतरा नंबरच्या अर्जाने बाहेरून बारावीला बसणाऱ्यांसाठीचे मार्गदर्शक. खाली लिहिले होते : “सर, बाजीला वेळ रात्रीच मिळतो. पुस्तक पंधरा दिवसांऐवजी महिनाभर ठेवता येईल का? मंडळाला विचारून सांगा.”

मंडळाची बैठक तीन आठवड्यांनी होती. आम्ही तिथूनच सचिवांना फोन लावला आणि मुलीला बाकावर बसवले. ते ‘हो’ म्हणाले. कार्डावर महिन्यानंतरची तारीख घालून पुस्तके तिच्या हातात दिली, आणि फळ्यावर ‘झाले’च्या खाली तिनेच ते लिहिले.